महाराणी ताराबाई : राजकारण आणि लोकापवाद

राजकारणात उतरलेल्या स्त्रीच्या वाट्याला आपल्याकडे बहुधा दोनच उपमा येतात. तिला यश आले तर ती भद्रकाळी, अपयश आले तर कैकेयी. या दोन टोकांमध्ये मुत्सद्दी माणसाची जी विस्तीर्ण भूमी आहे, जेथे बेत रचले जातात, काही साधतात, काही फसतात, ती भूमी जणू पुरुषांसाठीच राखून ठेवलेली आहे. छत्रपती राजाराम महाराजांच्या पत्नी महाराणी ताराबाई यांना या दोन्ही उपमा मिळाल्या. औरंगजेबाशी त्या झुंजत होत्या तेव्हा समकालीन कवीने त्यांना भद्रकाळी म्हटले. शाहू महाराजांशी त्यांचा कलह सुरू झाल्यावर पुढील पिढ्यांनी त्यांना कैकेयीच्या पंक्तीस बसविले. त्यांच्या बुद्धीचा हिशेब मात्र फार थोड्यांनी केला. तो यथामती करावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

माहेर व शिक्षण

ताराबाईंचा जन्म इ. स. १६७५ चा. कऱ्हाडजवळचे तळबीड हे त्यांचे माहेर. पिता हंबीरराव मोहिते हे थोरल्या महाराजांचे व पुढे संभाजी महाराजांचेही सरसेनापती. महाराणी सोयराबाई या हंबीररावांच्या भगिनी. अर्थात ताराबाई या राजाराम महाराजांच्या मामेबहीण होत. आपल्या समाजाच्या रीतीप्रमाणे बाळपणीच त्यांचा विवाह राजारामांशी झाला. १६८७ साली वाईच्या लढाईत हंबीरराव कामास आले. दोन वर्षांनी संभाजी महाराजांचा क्रूर वध झाला, रायगड पडला, महाराणी येसूबाई व बालशाहू बादशहाच्या हाती सापडले, आणि राजारामांना दूर कर्नाटकात जिंजीचा आश्रय घ्यावा लागला.

या सर्व घटना ताराबाईंच्या वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आतल्या आहेत. सेनापतीच्या घरात जन्म, वेढ्यांच्या छायेत तारुण्य आणि पळत्या दरबारात संसार, हीच त्यांची पाठशाळा. पुढे त्याही जिंजीस गेल्या. तेथे ९ जून १६९६ रोजी त्यांना पुत्र झाला. त्याचे नाव आजोबांचेच, शिवाजी, ठेवले. १६९८ च्या आरंभी जिंजी मोगलांनी घेतली आणि राजकुटुंब महाराष्ट्रात परतले. किल्ला गेला तरी राज्य जात नाही, हा धडा त्या आठ वर्षांनी सर्वांनाच दिला होता. तो सर्वांत पक्का कोणी गिरविला, हे लवकरच दिसणार होते.

१७०० सालचा प्रसंग

मार्च १७०० च्या आरंभी सिंहगडावर राजाराम महाराजांचे देहावसान झाले. त्या घटकेला राज्याची स्थिती काय होती, हे वाचकांनी क्षणभर डोळ्यांपुढे आणावे. खुद्द औरंगजेब साताऱ्याच्या किल्ल्यास वेढा घालून बसला होता. गादीचा ज्येष्ठ वारस शाहू त्याच्याच छावणीत नजरकैदेत होता. संताजी घोरपड्यांसारखा सेनानी तीन वर्षांपूर्वीच आपापसांतील वैरात मारला गेला होता. मागे राहिले ते दोन अल्पवयीन राजपुत्र : ताराबाईंचा शिवाजी, वय पुरती चार वर्षेही नाही, आणि राजसबाईंचा संभाजी, त्याहून लहान.

राजारामांच्या मृत्यूची वार्ता बादशाही छावणीत पोहोचताच तेथे आनंदोत्सव झाला. मोगली इतिहासकार खाफीखान सांगतो की, दोन अर्भके आणि एक असहाय बाई एवढेच आता शत्रुपक्षात उरले आहे, त्यांचा निकाल लावणे अवघड नाही, असे सर्वांना वाटले. हा समज केवळ मोगलांचा होता असेही नाही. स्वकीयांत तो वेगळ्या रूपाने होताच. पतीच्या मागे स्त्रीने एक तर सती जावे, नाही तर देवधर्म करीत एका कोपऱ्यात बसावे, ही त्या काळची रीत. राजारामांच्या दुसऱ्या पत्नी अंबिकाबाई विशाळगडावर सती गेल्या. ताराबाई त्या वेळी पंचविशीच्या होत्या. त्यांनी राज्याचा भार घेण्याचे ठरविले.

त्यांच्यापुढील अडचण दुहेरी होती. गादीवर स्वतः बसण्याचा मार्ग स्त्रीस मोकळा नव्हता. जे काही करावयाचे ते मुलाच्या नावानेच. आणि मुलाच्या नावालाही आक्षेप होता, कारण शाहू जिवंत होते. रामचंद्रपंत अमात्य, शंकराजी नारायण सचिव, परशुराम त्रिंबक हे कारभारी राजाराम जिंजीस असताना महाराष्ट्र सांभाळून उरलेले, वयाने व अनुभवाने वडील. रामचंद्रपंतांस तर खुद्द राजारामांनी 'हुकमतपन्हा' हा किताब देऊन राज्याची मुखत्यारी दिली होती. ज्येष्ठ शाखेचा हक्क डावलून धाकट्या शाखेचे मूल गादीवर बसविण्यास पंतांचे मन सहजी तयार नव्हते, असे दिसते. अशा माणसांस तरुण विधवेने आज्ञा करावयाची आणि ती त्यांनी पाळावयाची, ही गोष्ट सोपी नव्हे.

ताराबाईंनी यातून जी वाट काढली ती त्यांच्या बुद्धीची पहिली साक्ष आहे. त्यांनी शिवाजीची मुंज करवून विशाळगडावर त्याला राज्याभिषेक करविला. शाहूंचा हक्क खरा की खोटा हा वाद घालीत न बसता, शत्रूच्या कैदेतील राजा राज्य चालवू शकत नाही, ही उघड वस्तुस्थिती त्यांनी पुढे ठेवली. परशुराम त्रिंबक व शंकराजी नारायण यांचा पाठिंबा मिळविला. रामचंद्रपंतांस दुखवून दूर न लोटता कारभारात राखले. धनाजी जाधवांचे सेनापतिपद कायम ठेवले. ज्यांच्या मनात शंका होती त्यांना काम दिले, आणि युद्ध तर दाराशी उभेच होते. वाद घालण्यास उसंत कोणासच उरली नाही.

त्याच वेळी त्यांनी बादशहाकडे तहाचे बोलणेही लावले. मुलास सात हजारी मनसब व दख्खनची सरदेशमुखी मिळावी, मोबदल्यात सात किल्ले द्यावे व पाच हजार फौज चाकरीस ठेवावी, असा तो प्रस्ताव मोगली अखबारांत नमूद आहे. सर्व किल्ले दिल्यावाचून बोलणे नाही, असे बादशहाने कळविले. काही लेखकांनी या प्रस्तावास दुर्बलता म्हटले आहे. परंतु थोरल्या महाराजांनी पुरंदरास तेवीस किल्ले दिले, त्यास आपण दूरदृष्टी म्हणतो. वेळ काढण्यासाठी शत्रूशी बोलणे लावणे हे राजनीतीचे जुने अंग आहे. ते स्त्रीने वापरले म्हणून त्याचे नाव बदलण्याचे कारण नाही.

सात वर्षांची झुंज

पुढील युद्धाचा आराखडा समजून घेतला पाहिजे, कारण ताराबाईंचे खरे कर्तृत्व त्यात आहे. औरंगजेबाचा हिशेब असा होता की, मराठ्यांचे बळ किल्ल्यांत आहे. एकेक किल्ला घेत गेले की राज्य आपोआप संपेल. म्हणून १६९९ च्या ऑक्टोबरात भीमाकाठची इस्लामपुरीची छावणी सोडून ऐंशीच्या घरातला तो वृद्ध बादशहा जातीने निघाला. सातारा १७०० च्या एप्रिलात, परळी त्याच वर्षी जूनमध्ये, पन्हाळा १७०१ मध्ये, विशाळगड १७०२ मध्ये, सिंहगड १७०३ मध्ये, राजगड व तोरणा १७०४ मध्ये त्याने घेतले. नुसती यादी वाचली तर हा अखंड विजय वाटतो.

परंतु हे किल्ले मिळाले कसे? तोरणा वगळता यांतील बहुतेक किल्ले लढून सर झाले नाहीत. किल्लेदार महिनोगणती झुंजत, पावसाळा जवळ आला आणि मोगली फौज टेकीस आली की द्रव्य घेऊन, सन्मानाने बाहेर पडून, किल्ला खाली करून देत. विशाळगड परशुराम त्रिंबकांनी सुमारे सहा महिने लढविला आणि दोन लाख रुपये घेऊन सोडला. त्यानंतर ऐन पावसात विशाळगडाहून पन्हाळ्याकडे परतताना बादशाही लष्कराची जी दुर्दशा झाली, ती मोगली लेखकांनीच वर्णिली आहे. चार मजलांची ती वाट कापण्यास महिन्याहून अधिक काळ लागला. नद्यानाल्यांत माणसे, जनावरे व सामान वाहून गेले. किल्ला विकून आलेल्या पैशावर मराठी फौज पोसावयाची आणि बादशहाची पाठ फिरली की तोच किल्ला परत घ्यावयाचा, असा हा सौदा होता. बादशहा दगड विकत घेत होता आणि मोल खजिन्याने व माणसांनी देत होता.

बादशहा सह्याद्रीच्या खोऱ्यांत अडकलेला असताना मराठी फौजा मात्र त्याच्या मुलखात पसरत गेल्या. हा दुसरा आणि अधिक महत्त्वाचा डाव. वऱ्हाड, खानदेश, तेलंगण हे प्रांत तर त्यांच्या टापांखाली आलेच. १७०३ च्या अखेरीस नेमाजी शिंदे नर्मदा ओलांडून माळव्यात शिरले, आणि १७०६ साली धनाजी जाधवांनी गुजरातेत मोगलांचा मोठा पराभव केला. खाफीखानाने नोंदविले आहे की, मराठे आता लूट करून परतत नसत. बादशाही मुलखातच त्यांनी आपले सुभेदार, कमाविसदार व राहदार नेमले, आणि चौथ वसूल करण्याची पद्धत बसविली. सरदारांची मने ताराबाईंनी कशी जिंकली व मोगलांचे सर्व प्रयत्न असूनही मराठ्यांचे बळ दिवसेंदिवस कसे वाढत गेले, हेही तो शत्रुपक्षाचा असून लिहितो. पुढे १७१९ साली बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा आणल्या, तो मराठ्यांच्या इतिहासातील भाग्याचा दिवस मानला जातो. तो आहेच, परंतु त्या सनदांत जो अंमल कागदावर आला, तो आधी जमिनीवर या सात वर्षांत बसला होता, हे विसरून चालणार नाही.

या काळात ताराबाईंचे ठाणे एका जागी नव्हते. गडामागून गड बदलत, फौजांची पाठवणी, रसद आणि वसुली यांवर त्या लक्ष ठेवीत. १७०६ च्या आरंभी थकलेला बादशहा अहमदनगरास परतला. वाटेत मराठ्यांनी त्याच्या पिछाडीस सुखाने जाऊ दिले नाही. २० फेब्रुवारी १७०७ रोजी तो तेथेच मरण पावला. 'एक असहाय बाई' अजून गडावरच होती; आणि गेलेले किल्ले एकामागून एक परत येत होते.

नावाचा प्रश्न

येथवरचा इतिहास कोणासही अभिमान वाटावा असा आहे. पुढील भाग कटू आहे. पण तो टाळून ताराबाई समजणार नाहीत.

बादशहाच्या मृत्यूनंतर, मे १७०७ मध्ये, त्याचा पुत्र आजमशहा याने शाहूंना सोडून दिले. मराठ्यांत दुही माजावी हा त्यात मोगली हेतू होता, आणि येसूबाईंना मात्र ओलीस ठेवून घेतले होते. शाहू महाराष्ट्रात येताच ताराबाईंनी त्यांना तोतया ठरविले, आणि कारभाऱ्यांकडून दूधभातावर हात ठेवून एकनिष्ठेच्या शपथा घेतल्या. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : थोरल्या महाराजांनी मिळविलेले राज्य संभाजी महाराजांच्या वेळी गेले, आज जे आहे ते माझ्या पतीने व त्यांच्या मागे आम्ही नव्याने मिळविले आहे, त्यावर शाहूंचा हक्क नाही.

या युक्तिवादात अन्याय होता. शाहूंना तोतया म्हणणे असत्य होते, आणि संभाजी महाराजांच्या बलिदानाचे मोल त्यात कमी लेखले गेले. तरीही त्यात विचार करण्याजोगे काहीच नव्हते, असे म्हणता येत नाही. शाहू सतरा वर्षे मोगली छावणीत वाढलेले आणि बादशहाचे मांडलिकत्व पत्करून सुटलेले. मोगलांशी सात वर्षे झुंजून राखलेले राज्य अशा हाती द्यावे काय, हा प्रश्न वेडेपणाचा नव्हता.

ऑक्टोबर १७०७ मध्ये भीमातीरी खेड येथे दोन्ही फौजा समोरासमोर आल्या. धनाजी जाधव आधीच मनाने शाहूंकडे वळले होते. बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीचा त्यात मोठा भाग होता. परशुराम त्रिंबक लढले, पण निष्फळ. शंकराजी नारायणांनी तर एकीकडे शपथ व दुसरीकडे धनी, या पेचात देहत्याग केला. १२ जानेवारी १७०८ रोजी शाहूंना साताऱ्यास राज्याभिषेक झाला आणि ताराबाई दक्षिणेस हटल्या. १७१० च्या सुमारास पन्हाळ्यास त्यांनी वेगळी गादी उभी केली; तीच पुढे करवीरची गादी.

ज्यांनी ताराबाईंच्या आज्ञेने माळवा-गुजरातपर्यंत घोडी दौडविली, ते सरदार एका मोसमात का फिरले? युद्धाचा कंटाळा, शाहूंचा सौम्य स्वभाव, ताराबाईंचा संशयी व करडा हात, ही कारणे खरीच आहेत. परंतु त्यांच्या तळाशी आणखी एक कारण आहे. ताराबाईंची सत्ता ही त्यांच्या मुलाच्या नावावर उभी होती. त्या नावापेक्षा वडील, कर्ता आणि ज्येष्ठ शाखेचा पुरुष समोर उभा राहताच त्यांच्या सात वर्षांच्या कर्तृत्वाला वजनच उरले नाही. राज्य त्यांनी राखले होते, हे कोणी नाकारले नाही; पण राखणे हा हक्क नव्हता, आणि ज्याने राखले नव्हते त्याचा जन्म हा हक्क होता.

हेच शस्त्र पुढे त्यांच्यावर घरातूनच उलटले. १७१४ साली सवत राजसबाई यांनी आपल्या संभाजीच्या नावाने पन्हाळ्यावर सत्तापालट केला आणि ताराबाई व शिवाजी यांना कैदेत टाकले. एका मुलाच्या नावाने मिळालेली सत्ता दुसऱ्या मुलाच्या नावाने गेली. कैदेतच पुत्र निवर्तला. १७३१ च्या वारणेच्या तहाच्या सुमारास त्या शाहू महाराजांच्या आश्रयास साताऱ्याच्या किल्ल्यावर आल्या. मान होता, मोकळीक नव्हती.

अखेरचा डाव

१५ डिसेंबर १७४९ रोजी शाहू महाराज निपुत्रिक वारले. पंचाहत्तरीच्या घरात असलेल्या ताराबाईंनी आपला नातू रामराजा यास गुप्तपणे वाढविले असल्याचे आधीच प्रकट केले होते. तो गादीवर आला. पेशवे नानासाहेबांनी सांगोल्याच्या करारान्वये सारी सत्ता आपल्या हाती घेतली, तेव्हा २४ नोव्हेंबर १७५० रोजी ताराबाईंनी त्याच नातवास साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केले आणि दमाजी गायकवाडांस गुजरातेतून बोलाविले. दमाजींचा पराभव झाला. ताराबाई मात्र किल्ल्यावरून हलल्या नाहीत. अखेर समेट झाला आणि १७५२ साली जेजुरीस खंडोबापुढे, रामराजा आपला नातू नव्हे, असे त्यांनी शपथेवर सांगितले.

हा प्रसंग त्यांच्या चरित्रातील सर्वांत दुःखद होय. एकदा नातू म्हणून उभा केलेला मनुष्य दुसऱ्यांदा परका ठरविला. त्यात छत्रपतींच्या गादीची जी अप्रतिष्ठा झाली ती पुन्हा भरून निघाली नाही. त्याचे समर्थन करता येणार नाही. परंतु आयुष्यभर ज्या स्त्रीला दर वेळी कोणा मुलाचे नाव शोधून त्याआड उभे राहावे लागले, तिच्या हाती दुसरे साधनही नव्हते, हेही तितकेच खरे. पानिपत झाले, नानासाहेब गेले, आणि त्याच वर्षी, ९ डिसेंबर १७६१ रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी ताराबाईंनी साताऱ्यास देह ठेवला. संगम माहुलीस त्यांची समाधी आहे.

एक माप

ताराबाई निर्दोष होत्या असे या लेखाचे म्हणणे नाही. त्या महत्त्वाकांक्षी होत्या, संशयी होत्या, प्रसंगी निष्ठुर होत्या. म्हणणे एवढेच की, त्यांना व त्यांच्या काळच्या पुरुषांना मोजण्याचे माप एकच असावे. धनाजी जाधव ऐन लढाईच्या तोंडी पक्ष बदलतात, त्यास आपण प्रसंगावधान म्हणतो. त्यांचे पुत्र चंद्रसेन तर शाहूंकडून ताराबाईंकडे आणि तेथून निजामाकडे गेले. त्यांच्या नावे कोणी पिढ्यानपिढ्या बोटे मोडलेली नाहीत. नानासाहेब छत्रपतींचे अधिकार करार करून घेतात, त्यास राज्याची सोय म्हणतो. ताराबाई तेच करतात तेव्हा 'बायकी हट्ट' हा शब्द लेखणीच्या टोकाशी येतो. पुरुषाच्या बाबतीत जे राजकारण, ते स्त्रीच्या बाबतीत स्वभावदोष का व्हावे?

हा प्रश्न केवळ राजघराण्याचा नाही. तो आपल्या प्रत्येक कुळाच्या दप्तरात आहे. अशा स्मरणिकांतून आपण घराण्यांच्या वंशावळी मोठ्या हौसेने छापतो. त्यांतील बहुतेकांत बापाखाली मुलगा आणि मुलाखाली नातू एवढीच शिडी असते. कर्ता पुरुष मोहिमेवर किंवा नोकरीवर दूर असताना, अथवा अकाली गेला असताना, अज्ञान मुलांच्या नावाने वतन, शेती व वाडा ज्यांनी राखला, त्या स्त्रियांचे नाव त्या शिडीवर कोठेच नसते. जुन्या मोडी कागदांत त्या 'अमक्याची मातुश्री' किंवा 'अमक्याची स्त्री' एवढ्याच ओळखीने उभ्या असतात. सही मुलाच्या नावाची, कारभार त्यांचा.

सभासद कुटुंबांस विनंती आहे की, आपल्या घरची वंशावळ पुढील अंकासाठी पाठविताना माता, पत्नी व कन्या यांची नावे, त्यांच्या माहेरच्या आडनावासह, अवश्य लिहावीत. माळ्यावर मोडी कागद असतील तर ते जाणकाराकडून वाचवून घ्यावेत आणि एखाद्या मातुश्रीने भांडून राखलेल्या जमिनीचा उल्लेख सापडल्यास तो कळवावा. घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रियांस विचारावे. आजीला आपल्या आजेसासूचे नाव आठवत असेल तर ते आजच टिपून ठेवावे.